ब्रिटनीतील बालपणाचे जुने एचिंग हाती आले तर: ओळख, नोंद आणि जतन यांचा योग्य क्रम

फ्रान्सच्या वायव्य टोकाला असलेल्या ब्रिटनी प्रांतातील खेड्यातली मुले, त्यांच्यासमोर उघडे पुस्तक, शेजारी बसलेली आजी किंवा काळ्या झग्यातील धर्मगुरू आणि चित्राखाली बारीक फ्रेंच अक्षरांची एक ओळ, अशा स्वरूपाची एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एचिंगे, म्हणजे आम्लाने रेषा कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून घेतलेले छाप, अजूनही जुन्या वस्तूंच्या दुकानांत, लिलावांत आणि परदेशी राहिलेल्या नातेवाइकांच्या सामानात सापडतात. ती हाती आल्यावर बहुतेक जण जो क्रम धरतात तो उलटा असतो: आधी डाग घालवण्याचा प्रयत्न, मग नवी चौकट, आणि सर्वांत शेवटी हे चित्र कोणाचे हा प्रश्न. तोपर्यंत त्या प्रश्नाचे उत्तर ज्यांत दडलेले होते, म्हणजे समासातील अक्षरे, मागची चिठ्ठी, कागदाची कड आणि पत्र्याचा दाब, त्यांपैकी काहीतरी कापले, धुतले किंवा चिकटवून टाकलेले असते.

या लेखात तोच क्रम सुलटा करून मांडला आहे. आधी पाहायचे, मग मोजून नोंदवायचे, मग ओळखायचे, आणि त्यानंतरच चौकटीचा विचार करायचा. मधला एखादा टप्पा कंटाळवाणा वाटला तरी तो वगळू नये. चुका नेमक्या तिथेच होतात.

## १. तयारी: चित्राला हात लावण्यापूर्वी

एक मोठे, कोरडे, स्वच्छ टेबल मोकळे करावे आणि त्यावर पांढरा, न छापलेला कागद अंथरावा. वर्तमानपत्र चालत नाही, कारण त्याची शाई ओलसर हवेत उतरते. दहापट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटरच्या खुणा असलेली पारदर्शक पट्टी, मऊ पेन्सिल, लहान टॉर्च आणि फोनचा कॅमेरा जवळ ठेवावा. पेन, मार्कर, चहाचा कप आणि चिकटपट्टी या चार वस्तू त्या खोलीतच नसाव्यात.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. सुती हातमोजे घातले की आपण काळजी घेत आहोत असे वाटते, पण त्यांमुळे बोटांची जाण कमी होते आणि कागदाची फाटकी कड धाग्यात अडकते. स्वच्छ, कोरडे हात अधिक सुरक्षित असतात. हातांना क्रीम लावलेले नसावे. कागद उचलताना समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांशी दोन्ही हातांनी धरावा, एका कोपऱ्याला धरून कधीही लोंबू देऊ नये.

दिवसाची निवडही महत्त्वाची आहे. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी हे काम जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत करू नये. बंद चौकटीतला कागद बाहेर काढताच ओलावा शोषून घेतो आणि लाटा धरतो. पंखा बंद ठेवावा.

पडताळणी: दोन कोरे जाड कागद, चित्रापेक्षा मोठे, हाताशी आहेत का? चित्र उलटायचे झाल्यास ते या दोन कागदांच्या मध्ये धरूनच उलटायचे आहे.

## २. जुन्या चौकटीतून चित्र बाहेर काढणे

चौकट काचेची बाजू खाली करून मऊ कापडावर ठेवावी. मागचा तपकिरी कागद फाडण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे. त्यावर दुकानदाराची चिठ्ठी, लिलावाचा क्रमांक, पेन्सिलीत लिहिलेले नाव किंवा शिक्का असेल, तर तो भाग कापून जपून ठेवावा. चित्र कोणाकोणाच्या हातून गेले याचा तो एकमेव पुरावा असू शकतो. त्यानंतर खिळे पक्कडीने सरळ वर ओढावेत, आडवे वाकवू नयेत.

मागची फळी प्लायवूडची किंवा लाकडाच्या लगद्याच्या पुठ्ठ्याची असल्यास कागदावर तपकिरी पट्टे उमटलेले दिसतील. हे डाग म्हणजे पुठ्ठ्यातील आम्लाने केलेली भाजणी आहे. ते आता जाणार नाहीत, पण पुठ्ठा काढला की वाढणे थांबेल.

सावधान: दोन परिस्थितींत इथेच थांबावे. पहिली, चित्र काचेला चिकटलेले असणे. दुसरी, चित्र मागून पुठ्ठ्यावर पूर्ण डकवलेले असणे. ओढणे, वाफ देणे, पाण्यात भिजवणे यांपैकी काहीही घरी करू नये. अशा अवस्थेतील चित्र कागद-संवर्धकाकडेच न्यावे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कला-संवर्धन केंद्र आहे. निदान सल्ला तरी अशा ठिकाणाहून घ्यावा.

जुनी चिकटपट्टी दिसली तर तिलाही हात लावू नये. तिचा गोंद कागदाच्या तंतूंत शिरलेला असतो आणि ओढल्यास वरचा थर सोलून निघतो.

## ३. हे खरोखर एचिंग आहे का

विक्रेते कोणत्याही जुन्या काळ्या-पांढऱ्या छापाला एचिंग म्हणतात. म्हणून नाव-गाव शोधण्यापूर्वी छापाची जात ठरवावी लागते.

एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेण, राळ आणि डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर देतात. चित्रकार सुईने तो थर खरवडून रेषा काढतो, मग पत्रा आम्लात बुडवतात आणि उघड्या पडलेल्या रेषा आम्ल खाते. त्या खाचांत शाई भरून, पृष्ठभाग पुसून, दमट कागदावर मोठ्या दाबाने छाप घेतात. या कृतीच्या तीन खुणा कागदावर राहतात.

पहिली खूण म्हणजे पत्र्याचा दाब. चित्राभोवती आयताकृती खाच दिसते आणि मागच्या बाजूने तिची कड उठलेली जाणवते. दुसरी खूण म्हणजे शाईचा उठाव. टॉर्चचा प्रकाश अगदी आडवा टाकून भिंगातून पाहिल्यास गडद रेषा कागदाच्या पातळीपेक्षा किंचित वर आलेल्या दिसतात. तिसरी खूण रेषेच्या टोकाला असते. सुईने काढलेली आणि आम्लाने खाल्लेली रेषा साधारण एकाच जाडीची असते, तिची टोके बोथट असतात आणि कडा किंचित खडबडीत. ब्यूरिनने, म्हणजे कोरणीने, थेट कोरलेली रेषा मात्र मध्ये फुगते आणि टोकाला निमुळती होते. या काळातील बऱ्याच छापांत दोन्ही प्रकारच्या रेषा एकत्र असतात: मुलांच्या चेहऱ्यांवर कोरणीचे बारीक काम आणि कपड्यांवर, भिंतींवर सुईची मोकळी रेघ. त्यामुळे एकच जागा पाहून निर्णय देऊ नये.

सर्वांत जास्त फसवणारी चूक अशी की पत्र्याचा दाब दिसला म्हणजे एचिंग सिद्ध झाले असे लोक मानतात. हेलिओग्रॅव्ह्यूर, म्हणजे छायाचित्राच्या साहाय्याने तयार केलेला पत्रा, यालाही तसाच दाब येतो, आणि साध्या छापाभोवती कोरा पत्रा दाबून खोटी खाचही करता येते. म्हणून भिंग चेहऱ्याच्या सावलीवर ठेवावे. तिथे स्वतंत्र रेषांऐवजी सलग, दाणेदार, वाळूसारखी छटा दिसली तर ते हेलिओग्रॅव्ह्यूर असण्याची शक्यता मोठी आहे. ओळीने मांडलेले नियमित ठिपके दिसले तर ते छापखान्यातील हाफटोन पुनर्मुद्रण आहे. सावली जाळीदार रेषांनीच भरलेली असेल आणि रेषांना उठाव असेल, तर आपण एचिंगच्या मार्गावर आहोत.

पडताळणी: अतिनील किरणांचा छोटा दिवा मिळाल्यास अंधाऱ्या खोलीत कागदाच्या कोपऱ्यावर टाकावा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात उजळपणा आणणारी रसायने आहेत, आणि अशी रसायने कागदात साधारण १९५० च्या सुमारास येऊ लागली. म्हणजे पत्रा जुना असला तरी हा छाप नंतरचा आहे. कागद मंद, मातकट दिसला तर तो जुना असू शकतो, मात्र एवढ्यावरून जुनेपणा सिद्ध होत नाही.

## ४. समासातील अक्षरे वाचणे

चित्राच्या खाली, पत्र्याच्या खाचेच्या आत, डाव्या आणि उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरे असतात. नाव शोधताना होणाऱ्या बहुतांश चुका या अक्षरांच्या चुकीच्या वाचनातून होतात.

डावीकडील नावापुढे ‘पिंक्सिट’ किंवा त्याचे लघुरूप ‘पिंक्स’ असेल, तर तो मूळ तैलचित्र रंगवणारा चित्रकार. ‘डेलिनेआविट’ किंवा ‘डेल’ म्हणजे मूळ रेखाटन करणारा. उजवीकडील ‘स्कल्प्सिट’ किंवा नुसते ‘एससी’ म्हणजे पत्रा करणारा एचर. ‘इम्प’ म्हणजे छापणारा कारखाना, आणि ‘एक्स्कुडिट’ म्हणजे प्रकाशक. लोक डावीकडचे प्रसिद्ध नाव वाचतात आणि हे त्याच चित्रकाराने हाताने केलेले एचिंग आहे असे समजतात. वास्तविक त्या काळातील मोठा भाग पुनरुत्पादक एचिंगांचा होता: पॅरिसच्या वार्षिक सालोन प्रदर्शनात गाजलेले चित्र शार्ल वाल्तनेर किंवा लेओपोल्द फ्लामाँग यांच्यासारखा कसलेला एचर पत्र्यावर उतरवत असे. अशा छापाचे श्रेय दोघांना द्यावे लागते आणि नोंदीत दोघांची नावे वेगवेगळ्या रकान्यांत यावी लागतात.

एकच नाव असेल आणि ते चित्राच्या आतच सुईने लिहिलेले असेल, तर मूळ एचिंगची शक्यता उघडते. आल्फ्रेद कादार या प्रकाशकाच्या पुढाकाराने १८६२ मध्ये पॅरिसात एचरांची संस्था स्थापन झाली होती आणि तेव्हापासून चित्रकारांनी स्वतः पत्रा करण्याची आवड वाढली. त्यामुळे या काळात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी आढळतात.

खाली ‘गाझेत दे बोझार’ किंवा ‘लार’ असे छापलेले असेल, तर हा छाप त्या नियतकालिकासोबत दिला गेला होता. पहिले १८५९ मध्ये आणि दुसरे १८७५ मध्ये सुरू झाले. अशा छापांसाठी तांब्याच्या पत्र्यावर पोलादाचा सूक्ष्म मुलामा देत असत, त्यामुळे पत्रा न झिजता मोठ्या संख्येने प्रती निघत. म्हणून नियतकालिकातील छाप दुर्मिळ समजून मोठी किंमत मोजू नये. तो उत्तम, स्वच्छ आणि अभ्यासाला योग्य असू शकतो, पण एकुलता एक नसतो.

अक्षरे मुळीच नसतील तर दोन कारणे संभवतात. एक, हा अक्षरे कोरण्यापूर्वीचा छाप आहे. दोन, कोणीतरी समास कापला आहे. पत्र्याची खाच चारही बाजूंना पूर्ण दिसत असेल तरच पहिल्या कारणाचा विचार करावा. माझ्याकडे आलेल्या एका छापाचा खालचा समास चौकट करणाऱ्याने काचेच्या मापात बसवण्यासाठी सरळ कापला होता. चित्र उत्तम राहिले, पण एचरचे नाव कायमचे गेले, आणि त्याचे दुःख मला आजही आहे.

सावधान: समासातील पेन्सिलीची सही आकर्षक दिसते, पण छापावर पेन्सिलीने सही करण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत रुळली. नियतकालिकाचे नाव छापलेल्या प्रतीवर अशी सही असेल, तर ती नंतर कोणीतरी केलेली असण्याचा संशय धरावा.

## ५. चित्र ब्रिटनीचेच आहे का आणि प्रसंग कोणता

हा टप्पा सर्वांत रंजक आहे, आणि घाई करणाऱ्यांना तो सर्वांत जास्त फसवतो.

पहिली चूक नावाची. ब्रिटनी म्हणजे ब्रिटन नव्हे. फ्रेंचमधील ‘ब्रेतों’ हा शब्द वाचून अनेक जण चित्राला ‘ब्रिटिश मुले’ असे नाव देतात. ब्रिटनीला फ्रेंचमध्ये ‘ब्रताञ’ म्हणतात. तिथली ब्रेतों भाषा फ्रेंचपेक्षा सर्वस्वी वेगळी, वेल्श आणि कॉर्निश भाषांच्या कुळातील आहे.

दुसरी चूक आडनावाची आहे आणि ती जाणकारही करतात. ज्यूल ब्रेतों (१८२७–१९०६) हा फ्रेंच चित्रकार ब्रिटनीचा नव्हता. तो फ्रान्सच्या उत्तरेकडील पा-द-काले विभागातील कुरिएर या गावचा होता, आणि शेतांना आशीर्वाद देणारी मिरवणूक, क्रुसाची स्थापना असे ग्रामीण धार्मिक प्रसंग त्याने आपल्या आर्त्वा प्रदेशातले रंगवले. पुढे १८६० च्या दशकात तो ब्रिटनीतील दुआर्नने येथे जाऊ लागला आणि तिथलीही चित्रे त्याने काढली, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. छापावर त्याचे नाव दिसले तर शीर्षक नीट वाचावे आणि वेशभूषा तपासावी. ‘ब्रेतों’ हे इथे आडनाव आहे की प्रदेशाचे विशेषण, हे आधी ठरवावे.

आता प्रत्यक्ष खुणा. ब्रिटनीच्या स्त्रिया ‘क्वाफ’ नावाची पांढरी, खळ दिलेली कापडी किंवा जाळीदार शिरोभूषा घालत, आणि तिचा आकार परगण्यागणिक बदलत असे. लहान मुले डोक्याला घट्ट बसणारी साधी टोपी घालत. पुरुषांची रुंद काठाची, मखमली फिती मागे सोडलेली फेल्ट हॅट आणि जुन्या पिढीची चुणीदार, गुडघ्यापर्यंतची ढगळ विजार, जिला ‘ब्रागू ब्राझ’ म्हणत, या बळकट खुणा आहेत. घराच्या आत लाकडी कपाटासारखी, सरकती दारे असलेली बंद खाट दिसू शकते. बाहेरचा प्रसंग असेल तर ग्रॅनाइटचे चर्च आणि त्याच्या आवारात अनेक मूर्तींचा दगडी क्रूस, जसा गिमिलियो, प्लेबें किंवा प्लुगास्तेल येथे आहे, तो पाहावा.

यांपैकी एकाच खुणेवर विसंबू नये. लाकडी बूट फ्रान्सभर खेड्यांत घालत. पांढऱ्या शिरोभूषा नॉर्मंडीतही होत्या. बंद खाटा डोंगराळ प्रदेशांतही आढळत. निदान तीन खुणा एकत्र जुळल्या तरच ‘ब्रिटनी’ असे लिहावे, नाहीतर ‘फ्रान्स, ग्रामीण’ एवढेच लिहावे. ज्यूल-अलेक्सी म्युनिए याचे १८९० चे धर्मशिक्षणाच्या पाठाचे चित्र प्रसिद्ध आहे, पण हा चित्रकार पूर्व फ्रान्समधील फ्रांश-काँते भागातला. विषय सारखा म्हणून प्रदेश सारखा होत नाही.

काळ ठरवताना ब्रिटनीतील बिगुदेन भागाची उंच, नळकांड्यासारखी शिरोभूषा विशेष उपयोगी पडते. आज ब्रिटनीचे प्रतीक म्हणून तीच सर्वत्र दिसते, पण ती इतकी उंच झाली ती पहिल्या महायुद्धानंतर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बरीच बुटकी होती. विक्रेता ‘१८८० चे एचिंग’ म्हणत असेल आणि चित्रातील बाईच्या डोक्यावर वीतभर उंच नळकांडे असेल, तर तारीख चुकली आहे.

प्रसंग ओळखताना मुलांचे वय पाहावे. पोप पायस दहावे यांनी ऑगस्ट १९१० मध्ये पहिल्या कम्युनियनचे, म्हणजे चर्चमध्ये ख्रिस्तप्रसाद प्रथमच घेण्याच्या विधीचे, वय सुमारे सात वर्षांवर आणले. त्यापूर्वी फ्रान्समध्ये ते साधारण अकरा-बारा वर्षांच्या सुमारास होत असे. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील धर्मशिक्षणाच्या वर्गात बाकावर बसलेली मुले बरीच मोठी असतात. गोव्यात ज्याला ‘दोतोर्न’ म्हणतात तोच हा प्रकार: प्रश्नोत्तरे पाठ करून घेणे. मुले उभी राहून पाठ म्हणत आहेत, धर्मगुरूच्या हातात छोटे पुस्तक आहे, तर तो कॅटेकिझमचा वर्ग. आजीच्या मांडीजवळ चार-पाच वर्षांचे मूल हात जोडून आहे, तर ती घरातली प्रार्थना. टेबलावर वाडगा आणि पाव आहे आणि सगळ्यांच्या माना खाली आहेत, तर ते जेवणापूर्वीचे आशीर्वचन, ज्याला फ्रेंचमध्ये ‘बेनेदिसिते’ म्हणतात. लहान मुलगेही त्या काळी झगा घालत, म्हणून झग्यावरून मुलींची संख्या मोजू नये.

भिंतीवर हृदयाची मोठी आकृती आणि तिच्या आत मोर, डुक्कर, कासव असे प्राणी रंगवलेला तक्ता दिसला, तर तो दुर्मिळ आणि मोलाचा तपशील आहे. या तक्त्यांना ब्रेतों भाषेत ‘ताओलेन्नू’ म्हणतात. सतराव्या शतकात मिशेल ल नोब्लेत्स आणि झ्युलियाँ मोन्वार या धर्मप्रसारकांनी निरक्षर गावकऱ्यांना शिकवण्यासाठी चित्रांचे तक्ते वापरले आणि ती परंपरा पुढे दीर्घकाळ चालली. प्राणी म्हणजे पापांची रूपे. असा तक्ता आणि त्याकडे काठीने दाखवणारी व्यक्ती चित्रात असेल, तर प्रदेशाबद्दल फारशी शंका उरत नाही.

पडताळणी: मूल क्रुसाची खूण करत असेल तर कोणत्या हाताने, हे पाहावे. ही खूण उजव्या हाताने करतात. डाव्या हाताने होत असेल तर चित्र आरशातल्याप्रमाणे उलटे छापले गेले आहे. पत्र्यावर जे उजवीकडे काढतात ते कागदावर डावीकडे येते. पुनरुत्पादक एचर आरसा वापरून ही उलटापालट बहुधा सुधारत, पण थेट पत्र्यावर काढणारा चित्रकार ती तशीच सोडू शकतो. पुढे मूळ तैलचित्राशी ताडून पाहताना हा एक मुद्दा तासन् तास वाचवतो.

## ६. मोजमाप आणि लेखी नोंद

उंची आधी, रुंदी नंतर, नेहमी मिलिमीटरमध्ये, आणि तीन मापे वेगवेगळी: प्रत्यक्ष चित्राचे, पत्र्याच्या खाचेचे आणि पूर्ण कागदाचे. ग्रंथालये आणि संग्रहालये बहुधा पत्र्याचे माप देतात; आपण कागदाचे माप घेऊन ताडू लागलो तर काहीच जुळत नाही आणि आपला छाप वेगळाच आहे असा भ्रम होतो. दमट कागद वाळताना आक्रसतो, म्हणून एक-दोन मिलिमीटरचा फरक सोडून द्यावा.

मग कागद. खिडकीच्या उजेडासमोर, सरळ उन्हात नव्हे, कागद धरून जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण, पाहावे. ‘आर्श’, ‘रीव्ह’, ‘व्हान गेल्डर’ किंवा ‘व्हॉटमन’ ही नावे वारंवार भेटतात. समांतर रेषांची जाळी दिसली तर तो लेड कागद, न दिसली तर वोव्ह. चित्राचा भाग पातळ, किंचित राखाडी-पिवळसर कागदावर असून तो मागच्या जाड कागदावर बसवलेला दिसेल, तर ते शिन-कोले. ही नोंद विसरू नये, कारण तो पातळ थर पाण्याने सुटतो.

नोंदीचा क्रम असा ठेवावा: मूळ चित्रकार, एचर, समासातील शीर्षक जसेच्या तसे, छापखाना आणि प्रकाशक, तंत्र, तीन मापे, कागद आणि जलचिन्ह, शिक्के व हस्तलिखित खुणा, डाग, फाटे, घड्या, कोठून आणि केव्हा मिळाले. जे वाचता आले नाही तिथे ‘अस्पष्ट’ लिहावे, अंदाज भरू नये. नोंद वेगळ्या कागदावर करावी. छापाच्या मागे काहीही लिहू नये, कारण दाबाने अक्षरे पुढच्या बाजूला उमटतात.

## ७. नाव आणि मूळ चित्र शोधणे

आता हाती नावे, मापे आणि शीर्षक आहे, म्हणून शोध सोपा होतो. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘गालिका’ हे डिजिटल भांडार विनामूल्य आहे आणि त्यात सालोन प्रदर्शनांच्या जुन्या सूची तसेच त्या काळातील कलाविषयक नियतकालिके पानोपानी पाहता येतात. समासात ‘सालोन द’ आणि पुढे वर्ष असेल, तर ते वर्ष चित्राच्या प्रदर्शनाचे असते, छापाचे असेलच असे नाही. त्या वर्षाची सूची उघडून चित्रकाराच्या नावाखाली शीर्षक शोधावे.

शोधताना शीर्षकाचे भाषांतर करून शोधू नये. ‘कातेशिस्म’, ‘लसों’, ‘प्रिएर’, ‘प्रमिएर कोम्युनियों’ हे शब्द समासात जसे छापले असतील तशाच फ्रेंच स्पेलिंगने टाकावेत, स्वरांवरच्या खुणांसह आणि खुणांविनाही. छायाचित्रावरून शोध घेताना मूळ छायाचित्रासोबत त्याची आरशातील प्रतही टाकून पाहावी.

मागे किंवा कोपऱ्यात अद्याक्षरांचा छोटा शिक्का असेल तर तो संग्राहकाचा असतो. फ्रिट्स लुख्त यांनी अशा शिक्क्यांची सूची १९२१ मध्ये प्रसिद्ध केली, आणि तिचे विस्तारित रूप आता इंटरनेटवर पाहता येते.

## ८. स्वच्छता: घरी किती, आणि कुठे थांबावे

घरी करण्यासारखी गोष्ट एकच आहे. अगदी मऊ, रुंद, कोरड्या ब्रशाने चित्राच्या मध्यापासून कडेकडे धूळ हलकेच झाडावी. बस्स. ब्रेडचा गोळा, खोडरबर, कापसाचा बोळा, ओले फडके यांपैकी काहीही छापलेल्या भागावर फिरवू नये. शाईचा उठाव झिजतो आणि तोच तर एचिंगचा प्राण आहे.

तांबूस-तपकिरी ठिपके पाहून लोक ब्लीच वापरतात किंवा छाप उन्हात ठेवतात. ब्लीचने ठिपके तात्पुरते फिके होतात, पण क्लोरीनचा अंश तंतूंत राहून कागद ठिसूळ होतो, आणि उन्हाने तर समास आणि चित्र यांचे रंगच वेगळे पडतात. थोडे ठिपके सहन करावेत.

बुरशीचा कुबट वास येत असेल किंवा मखमली थर दिसत असेल, तर तो छाप ताबडतोब इतर कागदांपासून दूर न्यावा, कोरड्या खोलीत ठेवावा आणि मास्क लावल्याशिवाय त्याला हात लावू नये. कसर दिसल्यास चौकट आणि पुठ्ठा टाकून द्यावा. डांबराच्या गोळ्या कागदाला लागून ठेवू नयेत.

## ९. नवी चौकट आणि पावसाळा

चौकट करणाऱ्याला तोंडी सूचना देऊ नयेत, लिहून द्याव्यात. चित्राचा समास कापायचा नाही. चित्र पुठ्ठ्यावर डकवायचे नाही. प्लायवूड वापरायचे नाही. ही तीन वाक्ये त्याच्यासमोर कागदावर असावीत, आणि शक्य असेल तर काम होईपर्यंत समोर बसावे.

माउंटचा, म्हणजे मध्ये खिडकी कापून चित्राभोवती बसवायचा, पुठ्ठा शंभर टक्के सुती, आम्लविरहित असावा. खिडकी कापताना पत्र्याची खाच आणि खालची अक्षरे पूर्ण दिसतील, आणि खाचेबाहेर सात-आठ मिलिमीटर कागद मोकळा राहील असे माप घ्यावे. छाप मागच्या पुठ्ठ्याला फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्यांनी, गव्हाच्या सत्वाच्या खळीने लटकवावा. खालून आणि बाजूंनी तो मोकळा राहिला पाहिजे, कारण दमट हवेत कागद पसरतो आणि जागा न मिळाल्यास फुगतो. काच अतिनील किरण अडवणारी घ्यावी आणि माउंटच्या जाडीमुळे ती कागदापासून दूर राहते याची खात्री करावी.

भिंत निवडताना पावसाची बाहेरची भिंत, स्नानगृहाला लागून असलेली भिंत आणि दुपारचे ऊन येणारी भिंत वगळावी. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावावेत, म्हणजे मागून हवा खेळते. प्रकाशाची मर्यादा संग्रहालयांत कागदासाठी साधारण ५० लक्स धरतात. घरी एवढे मोजणे शक्य नसले तरी थेट दिवा रोखू नये. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर फार दिवस राहिली तर बुरशी धरते, म्हणून एक साधा आर्द्रतामापक त्याच खोलीत ठेवावा. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर चित्र भिंतीवरून उतरवून, आम्लविरहित कागदात घेऊन, खोलीच्या आतील भागातील कपाटात आडवे ठेवणे अधिक चांगले. मात्र पंधरा दिवसांनी एकदा उघडून पाहावे.

शेवटची पडताळणी: चौकट बंद करण्यापूर्वी पुढून आणि मागून, आडव्या प्रकाशात आणि सरळ प्रकाशात, अशी चार छायाचित्रे घ्यावीत. सहाव्या टप्प्यातील नोंदीची एक प्रत चौकटीच्या मागे, चित्राला न लागेल अशा पाकिटात ठेवावी आणि दुसरी घरातील कागदपत्रांसोबत.